लांब आणि बारीक केस: रोज सेट करावा लागणार नाही असा कट कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. केस कमरेच्या चार बोटं खाली, सरळ आणि अतिशय बारीक. वेणी घातली की निम्म्यापासून ती उतरत जाते आणि शेवटी करंगळीएवढीही उरत नाही. सकाळची शाळा, जुळे सोलापुरातून स्कूटरवर जाणं, ड्रायर आणि स्ट्रेटनरला वेळ नाही. न्हायला बोअरचं पाणी, त्यामुळे केस राठ होतात, गुंता होतो. पार्लरमध्ये सुचवलंय, ‘स्टेप कट करा, दाट दिसतील.’ लांबी मात्र फार घालवायची नाही. मग कोणता कट करावा?

आधी उत्तर, मग कारणं. स्टेप कट, म्हणजे पायऱ्यांसारखे आखूड-लांब थर (लेयर), करू नका. केस पाठीच्या मध्यापर्यंत किंवा त्याच्या थोडं खाली आणा, सगळी टोकं एका लांबीत ब्लंट कापून घ्या आणि खाली अगदी उथळ यू ठेवा. मध्य आणि कडा यांत दीड इंचाचा फरक पुरे. लेयर नको, फ्लिक्स नकोत, ‘केस हलके करून देते’ हे तर मुळीच नको. दर चार महिन्यांनी पाऊण इंच ट्रिम करा. बारीक लांब केसांत कमी कटकट मिळते ती खालची रेघ भरलेली असल्यामुळे. ती रेघ भरलेली असली की केस नुसते विंचरून सोडले तरी नीटनेटके दिसतात. ती विरली की वर काहीही केलं तरी केस थकलेले दिसतात.

केस बारीक आहेत की विरळ, हे आधी बघा. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि पार्लरमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते. बारीक म्हणजे एकेका केसाची जाडी कमी. विरळ म्हणजे डोक्यावरच्या केसांची संख्या कमी. कंगव्यात अडकलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. बोटांना काहीच लागलं नाही तर केस बारीक. दोऱ्याची जाणीव झाली तर मध्यम किंवा जाड. संख्या बघायची तर केस धुऊन, पूर्ण वाळवून, तेल न लावता मानेवर पोनी बांधा आणि शिवणकामाची टेप रबराच्या लगेच खाली गुंडाळा. परीघ दोन इंचांच्या आत असेल तर केस विरळ, दोन ते चार इंच मध्यम, चारच्या वर दाट. केस बारीक असूनही दाट असू शकतात. अशा बायकांना एखाददुसरा लांब लेयर सोसतो. बारीक आणि विरळ असे दोन्ही असतील तर एकही सोसत नाही.

आता त्याच पोनीवर दुसरं माप घ्या, कारण किती कापायचं ते यावरून ठरतं. टेप तशीच, तेवढीच आवळून खाली सरकवत न्या आणि दर चार इंचांवर परीघ लिहून ठेवा. समजा रबराजवळ तीन इंच भरला. जिथे तो दोन इंच होतो तिथे केस दोन तृतीयांश उरले असं वाटतं, पण तसं नसतं. केसांची संख्या परिघाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. परीघ तीनाचा दोन झाला म्हणजे केस निम्म्याहूनही कमी झाले. दीड इंच झाला म्हणजे जेमतेम पाव उरले. कमरेखाली रुळणारं ते शेवटचं टोक म्हणजे हे पाव केस, किंवा त्याहूनही कमी. लांबी म्हणून आपण जे जपतो ते खरं तर एवढंच असतं. परीघ दोन तृतीयांश होतो ती जागा शोधा आणि तिथे किंवा त्याच्या एक इंच खाली कापा. कमरेखाली गेलेल्या बारीक केसांत ही जागा बहुतेक वेळा पाठीच्या मध्याच्या आसपास येते, म्हणून वर ती लांबी लिहिली. तुमच्या टेपवर ती दोन इंच खाली आली तर तीच खरी मानायची.

टोकं अशी उतरत का जातात? त्यात हेळसांडीचा वाटा असतो, पण सगळा नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला सहा इंच. कमरेपर्यंतच्या केसाचं टोक पाच वर्षांचं तरी असतं. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ वेगळा असतो, साधारण दोन ते सहा वर्षं. तो संपला की केस गळतो आणि त्या जागी नवा उगवतो. त्यामुळे डोक्यावरचे सगळे केस कमरेपर्यंत पोचतच नाहीत. जे पोचतात त्यांनी पाच उन्हाळे, शेकडो न्हाणी आणि हजारो वेळा विंचरणं सोसलेलं असतं. बारीक केसाचा गाभा लहान असल्यामुळे वरचं आवरण झिजलं की तो लवकर तुटतो. फाटे फुटतात ते इथूनच. फाटा तसाच राहू दिला तर केस आणखी वर चिरत जातो. शाम्पू किंवा सीरम तो तात्पुरता चिकटवतं, सांधत नाही.

स्टेप कट का नको

‘लेयर दिले की केस दाट दिसतात’ हे दाट किंवा मध्यम केसांबाबत, तेही ब्लो-ड्राय केल्यावर खरं आहे. वरचे केस आखूड झाले की त्यांचं वजन कमी होतं, मुळाशी उठाव येतो, गोल ब्रशने वळवले की फुगतात. पार्लरमधून बाहेर पडताना आरशात दिसतं ते हे. दुसऱ्या दिवशी केस धुऊन नुसते वाळवले की उठाव जातो आणि पायऱ्या तेवढ्या राहतात. सरळ बारीक केसात लपायला जागाच नसते. प्रत्येक पायरीची रेघ पाठीवर आडवी उमटते, आणि सगळ्यात खाली अर्धा इंच रुंदीची शेपटी लोंबत राहते. केसांची संख्या तेवढीच आहे. लेयरमध्ये वर जे दिलं ते खालून काढूनच दिलेलं असतं.

रोज वेणी घालणारीला त्रास आणखी वेगळा. एका लांबीच्या केसांची वेणी शेवटपर्यंत सारखी उतरते. स्टेप किंवा फेदर कट केलेल्या केसांच्या वेणीत दर दोन-तीन पेडांनंतर आखूड केसांची टोकं बाहेर येतात. दुपारपर्यंत वेणी पिंजारते, मग पिना, मग जेल. स्कूटरवर वारा लागला की हे तासाभरात होतं. ज्या कटासाठी रोज पिना लागतात तो कमी कटकटीचा नव्हे.

व्ही कट हीच गोष्ट उलट्या बाजूने करतो. मधलं टोक लांब ठेवून कडा सहा-आठ इंच वर नेल्या जातात. मागून फोटो सुरेख येतो, पण बारीक केसांत त्या टोकाशी मूठभरही केस नसतात. शिवाय वेणी घालताना कानाजवळचे केस वळून मानेवर येतात, त्यात त्यांची दोन-तीन इंच लांबी खर्ची पडते. व्हीमध्ये ते आधीच आखूड असतात, मग अर्ध्या वेणीतच संपतात. खालची निम्मी वेणी फक्त मधल्या केसांची उरते. तुमची वेणी निम्म्यापासून उतरते असं तुम्ही लिहिलंय. आधी कधी व्ही किंवा खोल यू कापलेला असेल तर त्याचाही हा परिणाम असू शकतो.

मग अगदी सरळ आडवी रेघ का नको? हवी असेल तर जरूर घ्या. सगळ्यात भरघोस टोक त्यातच दिसतं. पण आडव्या रेघेत पाव इंचाची चूकही लांबून दिसते, आणि केस पुढे घेतले की दोन्ही कोपरे जड, टोकदार लोंबतात. उथळ यूमध्ये ते कोपरे गोल होतात आणि ट्रिम दोन आठवडे लांबली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. वेणी रोजचीच असेल तर यूची खोली दीड इंच, केस बहुधा मोकळे सोडत असाल तर अडीच इंचांपर्यंत चालेल. त्यापलीकडे नको.

केसांना अंगची लाट असेल तर हिशेब थोडा बदलतो. लाटेमुळे पायरीची रेघ मिसळून जाते, म्हणून फक्त वरच्या थरात एक लांब लेयर चालतो. सगळ्यात आखूड केसही गळपट्टीच्या हाडाच्या खालीच रुळला पाहिजे आणि तो व खालची रेघ यांत चार इंचांहून जास्त अंतर नको. लाटेचे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की आक्रसतात, म्हणून कापताना एक इंच राखून कापायचे.

समोर काहीतरी हवंच असेल तर

चेहऱ्यालगत दोन बटा घ्या, प्रत्येकी कपाळाच्या कडेपासून बोटभर रुंदीची. सुरुवात हनुवटीशी नको, गळपट्टीच्या हाडाशी. कारण साधं आहे: हनुवटीपर्यंतची बट वेणीत बसत नाही, क्लचरमध्ये अडकत नाही, घामाने गालाला चिकटते. कापण्याआधी ती बट कानामागून मानेपर्यंत नेऊन बघायला सांगा. रबरात अडकते आणि वर दोन इंच उरतात, एवढी लांबी ठेवायची.

कपाळावरची झुलपं, म्हणजे बँग्ज, या केसांना आणि या गावाला दोन्हीला नको. बारीक केसांत झुलपांसाठी बराच केस पुढे घ्यावा लागतो, तेवढे केस बाजूने कमी होतात. दर तीन-चार आठवड्यांनी ती कापावी लागतात. आणि एप्रिल-मेमध्ये, पारा ४२-४३ पर्यंत जातो तेव्हा, ती दहा मिनिटांत कपाळाला चिकटून बटबटीत दिसतात. वाढवायचं ठरवलं तर गळपट्टीपर्यंत यायला वर्षाच्या वर जातं.

पार्लरमध्ये काय सांगायचं

नुसतं ‘ट्रिम करा’ किंवा ‘यू कट द्या’ म्हणू नका. प्रत्येकीचा यू वेगळा असतो. असं सांगा: ‘ताई, केस एका लांबीत हवेत. खाली हलका यू, मध्यापासून कडेपर्यंत दीड इंच. आतून लेयर नको. थिनिंगची कात्री नको, रेझर नको. रोज वेणी घालते, म्हणून टोकाला केस भरलेले राहिले पाहिजेत.’ लांबी ‘दोन बोटं’, ‘चार बोटं’ अशी सांगू नका. तुमची बोटं आणि त्यांची बोटं सारखी नसतात. घरीच मापून ठेवलेल्या जागी रबर लावून जा आणि ‘या रबराच्या खालचं काढायचं’ म्हणून दाखवा. फोनवरचा फोटो दाखवायचा असेल तर दाट केसांच्या मॉडेलचा नको. त्या फोटोतला फुगवटा कुरळं करण्याच्या मशिनने आणलेला असतो.

केस आदल्या दिवशी धुऊन जा. तेल लावून गेलात तर बारीक केसांच्या जाड बटा बनतात आणि रेघ फसवी येते. रोज जिकडे भांग पाडता तिकडेच पाडायला सांगा. मधोमध भांग पाडून कापलेले केस बाजूच्या भांगात एकीकडे लांब दिसतात. पाठीच्या मध्याखाली केस असतील तर उभं राहून कापून घ्या, खुर्चीची पाठ केसांना ढकलते. मान सरळ, नजर समोर, खांदे सैल. मान खाली घालून कापलं की वर बघितल्यावर रेघ बदलते. हात बांधून उभं राहिलात तरी खांदे पुढे येतात आणि कडा चुकतात.

केस किंचित ओले असावेत, निथळणारे नकोत. पूर्ण ओला केस ताणला की लांबतो आणि सुटल्यावर आखूड होतो. म्हणून खालची रेघ कापताना केस कंगव्याने नुसते खाली सोडायचे, बोटांत आवळून ओढायचे नाहीत. आधी मागचा खालचा थर मार्गदर्शक म्हणून कापायचा, मग वरचा एकेक थर त्यावर सोडून त्याच रेघेत आणायचा. दाट केसांना पाच-सहा थर लागतात, तुमच्या केसांना तीन पुरतील. केस वर उचलून कापायला लागल्या की थांबवा. उचललं म्हणजे लेयर पडलाच. शेवटी टोकांवर कात्री उभी धरून अगदी पाव इंच टोचून घेतलं तर चालतं, रेघेचा कडकपणा जातो. त्याहून खोल नको.

कात्रीची धार हा विषय इथे लाखमोलाचा आहे. बोथट कात्रीत जाड केस कापला जातो, बारीक केस मात्र पात्यांमध्ये वाकतो आणि चुरगळून तुटतो. ते टोक पहिल्या दिवसापासूनच फाटलेलं असतं. कात्री चालताना ‘कचकच’ असा चावल्यासारखा आवाज येत असेल, केस पात्यावरून पुढे सरकत असतील, तर ती कात्री या केसांची नव्हे. तसं सांगायला संकोच करू नका. रेझर केसाला तिरका तासतो, एका बाजूने आवरण सोलतो. बारीक केसांची टोकं महिन्याभरात जुन्या चादरीच्या दशांसारखी विसकटतात. थिनिंगची दातेरी कात्री जाड केसांचं ओझं उतरवायला असते. तुमच्याकडे उतरवायला ओझंच नाही. तिने मध्येच आखूड केलेले केस वाढताना वरच्या केसांतून उभे राहतात, आणि ते खाली मिसळायला वर्ष-दोन वर्षं लागतात. फाटे काढणाऱ्या मशिनलाही नकार द्या. पट्टीतून जे जे केस बाहेर येतात ते सगळे ते कापतं, त्यात नुकते वाढायला लागलेले आखूड नवे केसही जातात.

कापून झालं की लगेच ब्लो-ड्राय करू देऊ नका, त्यात चुका झाकल्या जातात. केस नुसते वाळू द्या. मग दोन्ही खांद्यांवरून पुढे घ्या, खालची दोन टोकं हातात धरून एकमेकांशी जुळवा. पाठीमागचा फोटो उजेडात काढून बघा. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक तिथल्या तिथे नीट होतो. वेणीही घालून बघा. खरी परीक्षा तीच.

चुकीचा स्टेप कट आधीच झालेला असेल तर घाबरून सगळं एकदम आखूड करू नका. सगळ्यात खालचं शेपूट दोन-तीन इंच काढा आणि वरच्या पायऱ्या वाढू द्या. दर चार महिन्यांनी वाढ दोन इंच धरली आणि खालून दोन इंच कापत राहिलात, तर खालची रेघ तिथेच राहते आणि लेयर दोन-दोन इंच खाली सरकतात. सहा इंचांचा फरक वर्षभरात भरून येतो. तोवर लांबी वाढत नाही, हे मनाशी ठरवावं लागतं.

ट्रिम कधी, किती

चार महिन्यांत दोन इंच वाढ होते. त्यातलं पाऊण इंच कापलं तर सव्वा इंच पदरात पडतं, म्हणजे वर्षाला पावणेचार इंच. ट्रिममुळे केस लवकर वाढत नाही, वाढ मुळाशी होते. ट्रिममुळे तुटणं थांबतं, म्हणून लांबी टिकते. वर्षाचे तीन ट्रिम असे धरा: जूनमध्ये शाळा उघडण्याआधी, नवरात्राच्या आसपास आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. लग्नसराईच्या ऐन गर्दीत आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका. एका रेघेच्या कटाला घाई अजिबात चालत नाही.

मधला एखादा ट्रिम घरी करायचा तर दुसऱ्या कुणाची मदत घ्या आणि फक्त केसांसाठी राखलेली धारदार कात्री वापरा. कागद, दोरा कापलेली कात्री नको. केस किंचित ओले करून पाठीवर सोडा, मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरा. मधोमध कापायच्या उंचीवर पहिली खूण कापा, मग मधून डावीकडे आणि मधून उजवीकडे इंचभर रुंदीचे तुकडे घेत, प्रत्येक तुकडा किंचित वर नेत जा. ठरवलंय त्याच्या निम्मंच आधी कापा. मोबाइलवर एक युक्ती फिरते, डोकं खाली करून कपाळावर पोनी बांधायची आणि एकाच फटक्यात शेंडा कापायचा. ती करू नका. मानेवरच्या केसांना तिथवर यायला सगळ्यात जास्त अंतर पडतं, म्हणून सोडल्यावर ते सगळ्यात लांब राहतात आणि माथ्यावरचे सगळ्यात आखूड. म्हणजे पार्लरमध्ये नाकारलेला स्टेप कट घरी फुकट होतो.

पाणी, टॉवेल, वेणी

कट कितीही चांगला असला तरी बोअरच्या पाण्याने रेघ खराब होते. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर बसतं, केस खरखरीत होतात, एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. साबणाने केस धुतले तर या क्षारांचा चिकट थर बसतो, म्हणून अंगाचा साबण केसांना नको. उजनी धरणाचं नळाचं पाणी काही दिवसांआड येतं आणि सगळं न्हाणं त्यात होत नाही, हे खरं. पण शेवटचे दोन तांबे तरी साठवलेल्या नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घ्या. महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरा. तो ‘हार्ड वॉटर’साठी किंवा ‘चिलेटिंग’ म्हणून मिळतो. रोजच्या वापराला तो कोरडा पडतो, म्हणून महिन्यातून एकदाच.

बारीक केस लवकर तेलकट दिसतात, कारण तेल पसरायला जाडी कमी असते. उन्हाळ्यात आठवड्यातून तीनदा धुतले तरी बिघडत नाही. शाम्पू टाळूला, कंडिशनर कानाच्या खाली, चहाचा एक चमचाभर, आणि नीट धुऊन टाका. टाळूला कंडिशनर लागला की केस चपटे बसतात. खोबरेल तेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. न्हाण्याआधी दोन तास एक-दोन चमचे लांबीला लावा. रात्रभर थापून ठेवायची गरज नाही. न्हाल्यावर टोकांना दोन थेंब, बस्स. शिकेकाईची पूड थेट चोळू नका, कण घासतात. उकळून, गाळून घ्या.

सोलापुरी चादरीइतकाच इथला टॉवेलही नावाजलेला, पण त्याचे जाड, फुगीर दोरे ओल्या बारीक केसांना घासतात. तो अंगाला वापरा. केसांना जुना मऊ पंचा किंवा सुती ओढणी घ्या, दाबून पाणी टिपा, झटकू नका, डोक्यावर पिळून बांधू नका. ओले केस विंचरायचेच असतील तर खालून वर, मोठ्या दातांच्या फणीने. ओल्या केसांची घट्ट वेणी घालू नका. ओला केस ताणला जाऊन मधेच तुटतो.

स्कूटरवर निघताना वेणी ओढणीच्या किंवा स्कार्फच्या आत घ्या. मोकळं टोक वाऱ्यावर आपटून आपटूनच फुटतं. साधं रबर नको, कापडी बँड घ्या. रात्री सैल वेणी. वेणी रोज एकाच जागी आवळून घालू नका. कानशिलांजवळचे केस सतत ताणाने कायमचे विरळ होऊ शकतात.

काही वेळा मात्र कट हा उपाय नसतो. भांग रुंद होत चालला असेल, गळती रोजच्या ५०-१०० केसांच्या बरीच वर तीन महिन्यांहून जास्त टिकली असेल, टाळूवर चट्टे दिसत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासायला सांगतील. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी होणारी गळती वेगळी. ती बहुतेकींत वर्षभरात आपोआप सावरते, आणि उगवणारे नवे केस आखूड असल्यामुळे लेयर दिल्यासारखेच दिसतात. त्या काळात फक्त खालची रेघ अर्धा इंच सारखी करून घ्या आणि लांबी ठरवण्याचं माप नवे केस खांद्यापर्यंत आल्यावर घ्या.